ठसा आणि हाड

भैरवगढची छापील चादर ज्या घरात नाही, असे उज्जैनमधील मराठी घर विरळाच. लहानपणी आईबरोबर तेथे गेलो की मी छिप्याचा हात पाहत उभा राही. लाकडी ठसा रंगात बुडे, कापडावर उमटे आणि त्याला लागूनच पुन्हा उमटे. एक ठसा पाहिला की सारी चादर कळे.

पदार्थशास्त्रातही हीच युक्ती वापरतात. संमिश्र पदार्थाचा कण न् कण संगणकात उतरवणे अशक्यप्राय असते; म्हणून त्याचा एक लहान खंड निवडतात. रचना नियमित असेल तर ते पुनरावर्ती एकक, अनियमित असेल तर प्रातिनिधिक खंड. रॉडनी हिल यांनी १९६३ मध्ये या खंडाची व्याख्या मांडली. सूक्ष्म रचनेच्या मानाने तो पुरेसा मोठा आणि संपूर्ण वस्तूच्या मानाने पुरेसा लहान असावा लागतो. त्याचे सरासरी गुणधर्म मग वरच्या पातळीवर वापरले जातात.

आपले हाड असेच पातळ्यांनी घडलेले आहे. कोलॅजन तंतूवर सुमारे ६७ नॅनोमीटरची आवर्तने, त्यांत खनिजांचे स्फटिक, पुढे पापुद्रे, मग सुमारे ०.२ मिलिमीटर व्यासाचे ऑस्टिऑन. आतील जाळीदार हाडाचा प्रातिनिधिक खंड मात्र काही मिलिमीटरांचा घ्यावा लागतो.

माझ्या मावशीच्या अस्थिघनतेचा टी-स्कोअर उणे २.५ च्या वर होता. ‘काळजी नको,’ असे मी तिला सांगितले. काही महिन्यांतच ती उंबऱ्याला अडखळून पडली आणि खुब्याचे हाड मोडले.

अहवाल खोटा नव्हता. मी त्याला नको तो प्रश्न विचारला होता. घनता ही सरासरी आहे. पदार्थाचा ताठपणा सरासरीवरून बराचसा कळतो. परंतु भेग सरासरी जागी पडत नाही, ती सर्वांत दुबळ्या जागी पडते. वयपरत्वे जाळीतील आडव्या पट्ट्या तुटत जातात आणि एका खंडाने साऱ्या हाडाची ग्वाही देणे कठीण होते. ठिसूळपणामुळे होणारे कित्येक अस्थिभंग उणे २.५ च्या वरच घडतात, ते यामुळेही.

मावशीचे मनगट पूर्वी एकदा साध्या पडण्याने मोडले होते. घरात सर्वांना ठाऊक होते. मी त्याचा विचारच केला नाही.

आता अहवाल उघडण्याआधी मी प्रत्येक वृद्धेला विचारतो, ‘आजी, याआधी कधी हाड मोडले होते का?’