भातानंतरची भाजी

आमच्या अलिबाग तालुक्यात भाजीचा खरा हंगाम भात कापल्यावर सुरू होतो. पावसाळ्यात इथे दोन हजार मिलिमीटरच्या वर पाणी पडतं. तेव्हा खाचरात भाताशिवाय दुसरं काही तग धरत नाही. पडवळ, दोडकी, काकडी यांना परसातल्या मांडवावर चढवावं लागतं. एप्रिल-मे महिन्यांत विहिरी तळाला जातात आणि कोवळी पानं दुपारपर्यंत करपतात. मधे राहतात ते ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या अखेरीपर्यंतचे दिवस. आकाश स्वच्छ, रात्री थंड, विहीर भरलेली आणि मातीत पावसाची ओल असं सगळं एकदम जुळून येतं ते याच दिवसांत.

थंड देशांत हिवाळा हा भाजीचा शत्रू असतो. तिथे रोपांना काचेखाली ठेवतात, बर्फापासून जपतात. आमच्याकडे पाणी कधी गोठत नाही आणि जानेवारीतही दुपार तीस अंशांच्या आसपास असते. म्हणून आमची अडचण निराळी आहे. थंडी पुरेशी पडत नाही, आणि पडते ती फार दिवस टिकत नाही. अशा ठिकाणी भाजी लावायची तर खतापेक्षा तारखेकडे अधिक लक्ष द्यावं लागतं, असं माझं ठाम मत आहे. नोव्हेंबरात वाया गेलेला पंधरवडा फेब्रुवारीत कितीही पाणी घातलं तरी भरून येत नाही.

माझ्या सासूबाई हिवाळी भाजीचा विचार जूनमध्येच करायच्या. विहिरीजवळच्या शेतात त्या नेहमी हळवं भात लावायला सांगत. हळवं भात साधारण ११० दिवसांत तयार होतं, गरव्याला १४० आणि वर लागतात. एकाच दिवशी पेरलं तरी हळव्याचं शेत महिनाभर आधी मोकळं होतं. तेवढ्या महिन्यात मुळा आणि माठाचं एक पीक निघतं, किंवा कांद्याचे वाफे वेळेवर तयार होतात. गरव्या भाताच्या शेतात मात्र उशिराची, कमी पाण्याची पिकं घ्यायची. त्यातलं मुख्य म्हणजे वाल.

वालाला आम्ही पाणी देत नाही. भात निघालं, जमीन पाय न रुतण्याइतकी आवळली, की नांगरट करून ओल उडायच्या आत बी टाकायचं. चार-पाच दिवसांची दिरंगाई झाली तर वरचा थर वाळून कडक होतो आणि बी तसंच पडून राहतं. एकदा मूळ खाली गेलं, की ते ओलीमागे खाली खाली जातं. वर रात्रीचं दंव पानांवर साचतं. ते उडून जाईपर्यंत पानातलं पाणी फारसं खर्च होत नाही, म्हणजे सकाळचे काही तास झाडाला फुकट मिळतात. डिसेंबर उजाडला की शेंगा भरू लागतात आणि गावोगाव पोपटी लागते. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यात मीठ-ओवा लावलेल्या शेंगा, मडकं उपडं ठेवून भोवती जाळ. भांबुर्डा याच दिवसांत रानात माजलेला असतो. वाल आणि पाला दोन्ही एकाच वेळी तयार असतात, म्हणून पोपटी थंडीतच होते.

आता दिवसाच्या लांबीबद्दल सांगते. अलिबागेत जूनमधला सर्वांत मोठा दिवस साधारण सव्वातेरा तासांचा आणि डिसेंबरातला सर्वांत लहान अकरा तासांचा. फरक जेमतेम सव्वादोन तासांचा. आपल्याला तो जाणवतही नाही, पण झाडं तो अचूक मोजतात. आमच्याकडचा जुना वाल किंवा पावटा मृगात पेरला तर नुसता वेल माजतो, पानांचा ढीग होतो आणि फूल दिवस लहान झाल्यावरच येतं. म्हणून त्याला लवकर पेरण्यात अर्थ नाही. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने ‘अर्का जय’, ‘अर्का विजय’ असे दिवसाच्या लांबीला न बांधलेले वाण काढले आहेत, ते वर्षभर लावता येतात. पण जुन्या वालाची कडसर चव ज्यांच्या जिभेवर आहे, ते थंडीची वाट पाहतात.

कांद्याची रीत उलटी. त्याला गड्डा धरायला दिवस एका ठरावीक मापापेक्षा मोठा व्हावा लागतो. आपल्याकडच्या कांद्यांचं ते माप अकरा-बारा तासांचं आहे, तर उत्तर युरोपातल्या कांद्यांना चौदा ते सोळा तास लागतात. माझा भाचा लंडनला असतो. त्याने एकदा तिथल्या कांद्याच्या बियांचं सुंदर पाकीट आणलं. “मावशी, हे तुझ्या वाफ्यात लाव ना,” म्हणाला. मी त्याला समजावलं, की लंडनला जूनमध्ये दिवस साडेसोळा तासांचा असतो, आमच्याकडे तो चौदा तासांचा कधीच होत नाही. इथे या बियांची पात येईल, कांदा येणार नाही. त्याला फार नवल वाटलं. परदेशातून किंवा दूरच्या प्रांतातून बी मागवणाऱ्या प्रत्येकाने कांद्यापुरतं हे पक्कं लक्षात ठेवावं.

अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला २०२२ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. कार्ले, खंडाळे, नेहुली, वाडगाव ही त्याची गावं. चवीला तो गोडसर असतो आणि तिखटपणा इतका कमी, की जेवताना नुसता हाताने फोडून खातात. या कांद्याची सगळी गोम वेळेत आहे. कांद्याच्या बाहेरच्या पाकळ्या म्हणजे पातींचे फुगलेले बुडखे. जितक्या पाती आधी आल्या असतील, तितक्या जाड पाकळ्या नंतर भरतात. दिवस वाढू लागला आणि उबेची साथ मिळाली, की रोप नवी पात काढणं थांबवतं आणि असलेल्या पातींच्या बुडख्यांत अन्न साठवू लागतं. हा क्षण आपल्या हातात नाही, तो सूर्य ठरवतो. आपल्या हातात एवढंच, की तोवर रोपाला भरपूर पाती आलेल्या असाव्यात. भात कापणीच्या सुमारास रोपं टाकलेली असली, नोव्हेंबरात, फार तर डिसेंबरच्या सुरुवातीला ती वाफ्यात लागली, तर कांदा मुठीएवढा होतो. तीच रोपं जानेवारीत लावली तर त्यांनाही इतरांबरोबरच गड्डा धरावा लागतो. चार-पाच पातींवर धरलेला कांदा लिंबाएवढा राहतो. मग माणसं म्हणतात, खत कमी पडलं.

फेब्रुवारी-मार्चमध्ये पाती माना टाकतात. मग कांदा पातीसकट उपटायचा, सावलीत सुकवायचा आणि पाती एकमेकींत गुंफून माळ करायची. हे काम बहुतेक बायकाच करतात. पात फार वाळली तर तुटते आणि ओली राहिली तर कुजते, त्यामुळे गुंफायला नेमके दोन-चार दिवस मिळतात. तेवढ्यात पहाटेपासून बसावं लागतं. कार्ले खिंडीत किंवा वडखळच्या रस्त्यावर माळेचा भाव करताना या हातांचं मोल त्यात धरावं, ही माझी मनापासूनची विनंती आहे. मानांकनानंतर दुसरीकडचा पांढरा कांदाही अलिबागचा म्हणून विकला जातो. म्हणून शक्य तर गावातल्या ओळखीच्या घरून घ्यावा.

बाकीच्या भाज्यांचं गणित रात्रीच्या गारव्यावर असतं. टोमॅटोच्या झाडाला भरपूर फुलं येतात, पण रात्र बावीस अंशांच्या वर राहिली की फळ नीट धरत नाही, फूल गळतं. पंधरा ते वीस अंशांच्या रात्री त्याला मानवतात, आणि त्या आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत मिळतात. म्हणजे फुलं त्याच वेळी यायला हवीत, आणि त्यासाठी रोप ऑक्टोबरात तयार हवं. फ्लॉवरचं तर वाणावाणानुसार निराळं. ‘पुसा दीपाली’सारखा लवकरचा वाण वीस-पंचवीस अंशांतही गड्डा धरतो. ‘स्नोबॉल’ प्रकारच्या वाणांना दहा ते सोळा अंश लागतात. किनाऱ्यावर ते लावले तर हिरवीगार पानं येतात, गड्डा येत नाही. दुकानदार बी देताना हे सांगेलच असं नाही, तेव्हा पाकिटावरचं नाव आपणच वाचावं. कोबी मात्र इथे चांगला येतो. त्याला फुलावर यायला आठवडेच्या आठवडे कडाक्याची थंडी लागते. ती इथे मिळत नाही, म्हणून त्याचं बी कुलूसारख्या थंड खोऱ्यांतून येतं. आणि वाटाणा किनाऱ्यावरच्या माणसाने घाटावरूनच आणावा. पुणे-सासवडच्या रात्री त्याला जे देतात ते आमच्या रात्री देऊ शकत नाहीत.

पालेभाज्या सर्वांत उदार. लाल माठ आणि मेथी महिन्याच्या आत, पालक त्याच सुमारास, मुळा दीड महिन्यात. शहरात गॅलरीत दोन-चार कुंड्या असणाऱ्यांनीही यांपासूनच सुरुवात करावी. सगळं बी एकदम न टाकता दर दहा-पंधरा दिवसांनी थोडं थोडं टाकावं, म्हणजे ताटात सतत काही तरी येतं. कोथिंबिरीसाठी धने रगडून दोन फाका करायचे आणि ऑक्टोबरचा उकाडा सरल्यावरच पेरायचे. तापल्या मातीत ते नीट उगवत नाहीत. किनाऱ्यावरच्या रेताड जमिनीत होणारी बारीक समुद्रमेथी तर आठ-दहा दिवसांत मुळासकट उपटून खातात. फेब्रुवारीत दिवस वाढले, ऊन चढलं, की पालक आणि कोथिंबीर तुऱ्यावर जातात. त्यावर औषध नाही. उपटून गुरांना घालावी आणि वाफा मोकळा करावा.

पाण्याचा हिशोब प्रत्येकाने एकदा मांडून पाहावा. थंडीत भाजीच्या वाफ्यातून दिवसाला साधारण तीन ते चार मिलिमीटर पाणी उडतं. चौरस मीटरला एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर. गुंठ्याचं क्षेत्र साधारण १०१ चौरस मीटर, म्हणजे गुंठ्याला रोज ३०० ते ४०० लिटर. मार्चअखेर हाच आकडा ५०० च्या पुढे जातो, आणि नेमकी तेव्हा विहीर उतरलेली असते. वाफ्यावर भाताचा पेंढा पसरला तर मातीतून थेट उडणारं पाणी बरंच वाचतं. घरचाच पेंढा असतो, तरी कितीतरी लोक हे करत नाहीत.

खाडीकाठच्या गावांत आणखी एक काळजी असते. तिथे विहिरीतलं गोडं पाणी खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, कारण ते हलकं असतं. पूर्वी अष्टागरातल्या वाड्यांना रहाटाचं पाणी होतं. बैल गरगर फिरायचा, गाडगी सावकाश भरायची, बैल थकला की थांबायचं. तेवढ्यात विहिरीत पाणी परत भरायचं. पंप अर्ध्या तासात पाणी खाली नेतो आणि खालचं खारं वर ओढतो. कांदा खाऱ्याला फार नाजूक, पालक आणि बीट बऱ्यापैकी सोसतात. म्हणून पंप एकदम तासभर चालवू नये. थोडा सकाळी, थोडा संध्याकाळी चालवावा, आणि पाण्याची चव अधूनमधून जिभेवर घेऊन पाहावी.

रोगकिडीचं फार सांगत नाही. आभाळ आलं की मावा येतो, हे शेतकऱ्याला ठाऊक असतंच. सकाळी दंव असताना चुलीची राख भुरभुरली तर ती पानाला चिकटते. त्याने भागलं नाही तर पाच किलो निंबोळ्यांचा अर्क शंभर लिटर पाण्यात घालून संध्याकाळी फवारावा.

मला खरी धास्ती किडीची नाही. आमच्याकडे भात कापलं की गुरं मोकळी सोडायची जुनी रीत आहे. सगळ्या शिवारात वाल-भाजी असायची, तेव्हा गुरं राखणारा माणूस असायचा आणि एकमेकांचा धाक असायचा. आता दहा शेतं ओसाड आणि मधे एक हिरवं, असं झालं की गावातली सगळी मोकाट गुरं त्याच एका शेतात शिरतात. एकट्याने कुंपण घालायचं तर भाजीच्या उत्पन्नाहून खर्च जास्त. म्हणून शेजारच्यांनी पेरावं यासाठी मी त्यांच्या दारी जाते, घरचं बी देते. सलग पाच-सहा शेतं पेरली गेली की कुंपण सामाईक होतं आणि राखणीची पाळी लावता येते.

दुसरी धास्ती भरावाची. बंगल्यांसाठी भातशेती विकली जाते, त्यावर ट्रकने माती टाकून जमीन उंच केली जाते. एका शेतात भराव पडला की पाण्याची वाट अडते, वरच्या अंगाच्या शेतात ते तुंबून राहतं. तिथलं भात उशिरा कापलं जातं, जमीन उशिरा आवळते आणि कांद्याचा नोव्हेंबर हुकतो. ज्यांनी इथे जमिनी घेतल्या आहेत त्यांना माझं सांगणं आहे, की घर बांधायचं तेवढ्या जागेवर बांधा, पण उरलेलं खाचर खाचरच राहू द्या, बांध फोडू नका, आणि स्वतःला जमत नसेल तर गावातल्या कुणाला कसायला द्या. त्यात जूनला हळवं भात आणि नोव्हेंबरला कांदा लावणारी माणसं अजून गावात आहेत.