सेवेच्या नावाखाली किती दिवस राबायचे?

आम्ही डोंबिवलीचे. आमच्यात कुणी समुपदेशक आहे, कुणी वॉर्डबॉय, कुणी स्वयंपाकघरात. लोकल पकडून एका व्यसनमुक्ती केंद्रात कामाला जातो. आमच्यातले दोघे तर एकेकाळी तिथलेच रुग्ण. म्हणून हे लिहिणे ऐकीव नाही.

गर्दुल्ल्याची 'टर्की' ज्याने पाहिली, तो व्यसनाला मस्ती म्हणणार नाही. हाडे ठणकतात, उलट्या-जुलाब थांबत नाहीत, माणूस एका पुडीसाठी पाया पडतो. दारू सुटताना फिट येऊन जीवही जाऊ शकतो. डॉक्टर औषध लिहून देतात. पण रात्रभर उशाशी कोण बसते? ओकारी कोण पुसते? वस्तीतून आलेला आमचाच माणूस!

काही महिन्यांनी तोच मुलगा पुन्हा दारात उभा राहतो. आमच्या भाषेत 'स्लिप' झाली. बाप विचारतो, "मग तुम्ही केलंत काय?" हा आजार उलटतो, हे आम्ही त्याला समजावतो. पण घरी गेल्यावर आम्हालाही झोप लागत नाही. ज्याने स्वतः गर्द सोडला, त्याला तर त्या पोरात आपलाच चेहरा दिसतो.

डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी 1986 साली पुण्यात 'मुक्तांगण' उभे केले. व्यसनातून बाहेर आलेला माणूसच दुसऱ्याला बाहेर काढू शकतो, हे तिथे दिसले. बरे झालेले अनेक रुग्ण तिथेच कार्यकर्ते झाले. ही मोठी गोष्ट आहे. पण इतरत्र याच गोष्टीचा फायदा घेतला जातो. "तुला आम्ही वाचवले, आता सेवा कर," असे म्हणून बारा-बारा तास राबवायचे आणि हातावर मानधन टेकवायचे, तेही उशिरा!

'सेवा' हा शब्द आपल्या समाजाला नवा नाही. वतनाच्या नावाखाली गावाने आपल्या बापजाद्यांना असेच राबवले. 1928 साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, ते याच राबवणुकीविरुद्ध. पुढे मजूरमंत्री झाल्यावर त्यांनी आठ तासांच्या कामाचा आग्रह धरला.

2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात व्यसनाधीन रुग्णही येतो. त्याला अमानुष वागणूक देता येत नाही. हे योग्यच झाले. पण रात्री दोन वाजता तो हक्क पाळायचा कुणी? सलग बारा तास उभ्या असलेल्या, पगार थकलेल्या माणसाने? थकलेल्या माणसाचाच हात उठतो, हे आम्ही पाहिले आहे. म्हणून कर्मचाऱ्याचा हक्क आणि रुग्णाचा हक्क वेगळे नाहीत.

आठ तासांची पाळी, किमान वेतन, भविष्य निर्वाह निधी, प्रशिक्षण आणि आमच्याही मनाचे ऐकणारा कुणी, एवढेच आमचे मागणे आहे.

पंचशीलातले पाचवे शील आपण रोज म्हणतो. ते मोडलेल्या भावाला पुन्हा उभे करणाऱ्या हातांना उपाशी ठेवून ते शील पाळले जाईल काय? जयंतीच्या व्यासपीठावरून व्यसनमुक्तीवर बोलणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे.