निसटलेला शब्द

गेल्या आषाढातली गोष्ट. रात्री साडेनऊला गावाहून धाकट्या बहिणीचा फोन आला. बाहेर मुसळधार पाऊस, आवाज तुटत होता. "दादा, अण्णा अंगणात घसरून पडले. काळजीचं कारण..." एवढं ऐकू आलं आणि फोन बंद! पुन्हा काही केल्या लागेना. राहिलेला शब्द मीच भरला— 'आहे'. रात्रीची एस.टी. धरली. पहाटे पोहोचतो तो अण्णा ओटीवर चहा पीत बसलेले! निसटलेला शब्द 'नाही' होता.

स्टाफरूममध्ये हे सांगितलं तेव्हा सारे हसले. पदार्थविज्ञानाचे आमचे सहकारी तेवढे म्हणाले, "अहो, तुमचा मोबाईल क्षणोक्षणी हेच करतो. फक्त जरा बेताने."

आपला आवाज शून्य आणि एक अशा अंकांच्या रूपाने हवेतून जातो. वाटेत गोंगाटाने शून्याचा एक होतो. प्रत्येक अंक तीनदा पाठवून बहुमत घ्यावं, तर खर्च तिप्पट. अमेरिकेत बेल प्रयोगशाळेतल्या रिचर्ड हॅमिंग यांनी १९५० साली स्वस्त युक्ती प्रसिद्ध केली. चार अंकांमागे तीन राखणदार अंक द्यायचे. सात अंकांचे १२८ 'शब्द' होतात. त्यांतले १६ च खरे मानायचे, आणि कोणत्याही दोन खऱ्या शब्दांत निदान तीन जागी फरक ठेवायचा. मग एखादा अंक बिघडला तरी शब्द आपल्या मूळ रूपाच्याच सर्वांत जवळ राहतो.

हे तर आमचंच! उत्तरपत्रिकेत शाईच्या डागामागे 'ज्ञाने–वरी' दिसलं तरी मी 'ज्ञानेश्वरी' वाचतो. जवळपास दुसरा शब्दच नसतो. पण 'कारण आहे' आणि 'कारण नाही'? दोन्ही शुद्ध मराठी!

"आणि सातांत दोन अंक बिघडले," सहकारी म्हणाले, "तर हॅमिंगचं यंत्रही तुमच्यासारखंच बिनदिक्कत चुकतं. म्हणून मोबाईल तपासणीचे आणखी अंक जोडतो. ते जुळले नाहीत, तर जमेल तिथे मजकूर पुन्हा मागवतो."

पुन्हा मागवणं दरवेळी कुठलं जमायला? १९८९ च्या ऑगस्टात व्हॉयेजर-२ हे यान नेपच्यूनजवळून गेलं. तिथून संदेश यायला चार तासांहून अधिक लागत, आणि यान काही मागे वळणार नव्हतं. तिथे दर २२३ अंकगटांमागे ३२ राखणदार दिले होते.

हे सारं मी बहिणीला सांगितलं. तिने ऐकून घेतलं. परवा तिचा फोन आला, "दादा, अण्णा बरे आहेत. काळजी नको. धावत येऊ नकोस."

तीन वाक्यं, अर्थ एकच. मधलं एक पावसात वाहून गेलं असतं, तरी मी त्या रात्री घरीच झोपलो असतो.