खेळातला ‘दादा’ आणि दुखणारे पोट

शाळकरी मुलाचे पोट वारंवार दुखणे ही आमच्यासारख्या जनरल प्रॅक्टिशनरच्या दवाखान्यातील रोजचीच तक्रार. जंत, बद्धकोष्ठता, लघवीच्या मार्गाचा दाह, शाळेबाहेरच्या गाडीवरचे खाणे, अशी कारणे एकेक करून तपासावी लागतात. ब्रिस्टलचे बालरोगतज्ज्ञ जॉन ॲप्ले यांनी एक हजार शाळकरी मुलांची पाहणी करून १९५८ साली दाखवून दिले की, साधारण दर दहांतील एका मुलाला असे पोटदुखीचे झटके येतात आणि त्यांतील फारच थोड्यांच्या पोटात प्रत्यक्ष रोग सापडतो. दुखणे बेंबीपासून जितके दूर, तितका रोग असण्याचा संभव जास्त, हा त्यांचा ठोकताळा आजही उपयोगी पडतो. झोपेतून उठवणारे दुखणे, घटणारे वजन, शौचावाटे रक्त, वारंवार उलट्या किंवा ताप यांपैकी काही असेल, तर मात्र मनातले कारण शोधत बसू नये. आधी तपासण्या कराव्यात.

पण यांपैकी काहीच नसेल तर? मग मूल कशाला तरी घाबरले आहे का, हे विचारावे लागते. पूर्वी याची उत्तरे ठरलेली असत. गणिताचे मास्तर, सहामाही परीक्षा, एस.टी.त त्रास देणारा दांडगा मुलगा, किंवा घरातली भांडणे. अलीकडे या यादीत एक नवे नाव आले आहे. मोबाईलवरच्या खेळातला ‘दादा’.

सातवीतला एक मुलगा माझ्याकडे आला होता. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) तीन आठवडे बेंबीभोवती दुखत होते. रक्त, लघवी, सोनोग्राफी सारे नॉर्मल. आई म्हणाली, ‘डॉक्टर, धड जेवत नाही, रात्री दिवा लावून झोपतो आणि मोबाईल वाजला की दचकतो.’ हे शेवटचे वाक्य मला सोनोग्राफीच्या रिपोर्टपेक्षा मोलाचे वाटले. दार उघडे ठेवून, आईला थोडा वेळ बाहेर बाकावर बसवून मी मुलाशी बोललो. भीतीचा विषय काढला नाही. गेम कोणता खेळतोस, तुमच्या टीममध्ये कोण कोण असते, एवढेच विचारले. ‘एक दादा आहे, लांबच्या शहरातला. तो मला डायमंड देतो,’ असे म्हणून तो गप्प झाला.

पुढचे हळूहळू बाहेर आले. खेळात दोन महिन्यांची ओळख. मग त्याने व्हॉट्सॲपचा नंबर मागितला. मग व्यायाम करतोस का, अंग कसे कमावले आहेस ते बघू, म्हणून शर्टाशिवायचा फोटो. तो मिळाल्यावर त्याच्या पुढची मागणी. मुलाने नाही म्हटल्यावर पहिलाच फोटो वर्गाच्या ग्रुपवर टाकण्याची धमकी. बारा वर्षांचे पोर हे ओझे तीन आठवडे पोटात घेऊन वावरत होते. दुखणार नाही तर काय? प्रकरण पोलिसांकडे गेले असल्यामुळे त्याविषयी अधिक लिहिणे योग्य नाही. एवढेच सांगतो की, आईवडिलांना सारे कळले आणि ते आपल्यावर रागावले नाहीत हे पाहिल्यावर मुलाचे पोट आठवड्याभरात थांबले.

‘हे मुंबई-पुण्याचे खूळ, आपल्याकडे कुठले?’ असे कुणी म्हणेल. ज्या गावात रेंज आहे, त्या गावात हा धोका आहे. अभिनेते अक्षय कुमार यांनी ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबईत पोलिसांच्या सायबर जागृतीच्या कार्यक्रमात आपल्या घरातलीच हकिकत जाहीरपणे सांगितली. त्यांची १३ वर्षांची मुलगी एका अनोळखी व्यक्तीबरोबर ऑनलाईन गेम खेळत होती. समोरच्याने आधी तू मुलगा की मुलगी असे विचारले आणि नंतर विवस्त्र फोटो मागितला. मुलीने गेम बंद केला आणि जाऊन आईला सांगितले. या हकिकतीत मला महत्त्वाचे वाटते ते हे शेवटचे. ती आईकडे गेली. आपले मूल जाईल का?

पलीकडे कोण आहे?

आपल्या पिढीने पाहिलेला व्हिडिओ गेम टीव्हीला जोडलेला असे. आत कॅसेट घालायची आणि बटणे दाबायची. पलीकडे माणूस नसे. म्हणून पुष्कळ पालकांची समजूत आजही अशी की, पोर एकटेच खेळते आहे. आजच्या लोकप्रिय खेळांत चारजणांची टोळी करून उतरता येते. त्यांतील तिघे तुमच्या मुलाच्या ओळखीचे असतीलच असे नाही. माईक चालू असला तर ते एकमेकांशी बोलतात, लिहून निरोप पाठवतात आणि भेटवस्तूही देतात. मूल हेडफोन लावून ‘मागून ये, मागून ये’ असे ओरडते, तेव्हा ते कुणाशी तरी बोलत असते.

‘तो गेम तर सरकारने बंद केला ना?’ असेही विचारले जाते. पबजी मोबाईलवर सप्टेंबर २०२० मध्ये आणि फ्री फायरवर फेब्रुवारी २०२२ मध्ये बंदी आली हे खरे. पण बीजीएमआय हा पबजीचाच भारतीय अवतार जुलै २०२१ मध्ये आला आणि फ्री फायर मॅक्स मुले आजही खेळतात. २०२५ साली आलेल्या कायद्याने बंद केले ते पैसे लावून खेळायचे गेम. तो कायदा गप्पांविषयी नाही.

कंपन्यांनीही काही कुंपणे घातली आहेत. बीजीएमआय आला तेव्हा १८ वर्षांखालील मुलांनी पालकांचा मोबाईल नंबर द्यावा, अशी अट होती. पण आपल्याकडे घरात फोन एकच आणि तोही मुलाच्याच हातात. ओटीपी येतो तो त्याच फोनवर! रोब्लॉक्स या खेळात जानेवारी २०२६ पासून चॅट वापरायचे असेल तर चेहऱ्यावरून वयाचा अंदाज घेतला जातो किंवा ओळखपत्र मागितले जाते आणि जवळपासच्या वयाच्यांशीच बोलता येते. व्यवस्था चांगली आहे, पण लहान भावाच्या खात्यासाठी मोठ्या भावाने कॅमेऱ्यासमोर तोंड धरले, की धाकटा थेट मोठ्यांच्या गटात जाऊन बसतो. घरात असे झाले आहे का, ते एकदा विचारून घ्या.

फूस लावण्याची रीत

असा माणूस पहिल्या दिवशी वाईट बोलत नाही. तो मदत करतो. खेळात पडलेल्याला उठवतो, हरणाऱ्याला जिंकून देतो, शाळेतल्या मित्रांकडे नसलेला पोशाख किंवा डायमंड भेट देतो. दहा-बारा वर्षांच्या मुलाला कौतुकाची भूक मोठी असते. त्यातून ज्या घरात दिवसभर ‘मार्क किती पडले’ याखेरीज दुसरे बोलणेच नसते, तिथे तर तो ‘दादा’ एकटाच कौतुक करणारा ठरतो. (हे थोडे झोंबेल, पण लिहिणे भाग आहे.) मग बारीकसारीक प्रश्न सुरू होतात. घरात कोण कोण आहे? तुला स्वतःची खोली आहे का? रात्री किती वाजेपर्यंत जागा असतोस? मग एखादे लहानसे गुपित. ‘डायमंड मी दिले हे घरी सांगू नकोस, उगाच ओरडतील.’ मोठ्या माणसाने मुलाला घरच्यांपासून काही लपवायला सांगितले, की तिथेच पालकांनी कान टवकारायला हवेत.

यानंतरची पायरी म्हणजे खेळातून बाहेर नेणे. व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम, टेलिग्राम किंवा डिस्कॉर्डवर ये, असे निमंत्रण येते. खेळातल्या चॅटवर थोडीफार नजर असते, शिवीगाळ गाळली जाते. बाहेर तसे काही नसते. शिवाय नंबर मिळाला की मुलाचा फोटो, कधी आईवडिलांचे नाव, गणवेशावरून शाळा, सारेच हाती लागते. म्हणून मुलांना अनेक नियम पाठ करायला लावण्यापेक्षा मी एकच सांगतो: खेळातला माणूस खेळातच राहील, बाहेर येणार नाही.

आणखी एक गैरसमज. धोका मुलींनाच असतो, असे मानले जाते. फोटोवरून धमकावून पैसे उकळण्याच्या प्रकारांत बहुतेक बळी १४ ते १७ वर्षांचे मुलगे असतात, असे अमेरिकेच्या एफ.बी.आय.ने वारंवार सांगितले आहे. मुलगे लाजेने बोलत नाहीत, म्हणून ते आपल्याला दिसत नाहीत इतकेच.

घरी काय करता येईल?

सर्वांत सोपा उपाय माईकचा. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये ॲप्स, त्यात तो गेम, त्यात परवानग्या, त्यात मायक्रोफोन असे जाऊन परवानगी काढून घेता येते. गेम कोणताही असो, अशा रीतीने त्याचा माईक बंद होतो. गेमच्या सेटिंगमध्ये अनोळखी लोकांची निमंत्रणे व निरोप थांबवण्याची सोय असेल तर तीही वापरावी. खेळातल्या नावात खरे नाव, जन्मसाल, गाव नको. खेळायची जागा माजघर किंवा ओसरी. माडीवरची बंद खोली नको. धाकट्यांनी हेडफोनऐवजी स्पीकरवर खेळावे. आवाजाचा त्रास होतो खरा, पण तो सोसावा.

हे सारे करूनही मूल कधीतरी अडकू शकते, आणि तेव्हा उपयोगी पडते ते तुम्ही आधी दिलेले एक वचन. ‘तुझी चूक झाली असली तरी आम्हाला सांग. सांगितलेस म्हणून मोबाईल काढून घेणार नाही आणि मारणारही नाही.’ मुले धमकीला घाबरतात त्याहून अधिक बापाला घाबरतात, आणि धमकावणाऱ्याला हे पक्के ठाऊक असते. वचन दिले तर पाळावे लागते. मुलाने येऊन सांगितले आणि तुम्ही फोन कपाटात टाकून कुलूप लावले, तर पुढच्या वेळी ते येणार नाही. धाकटे भावंडही येणार नाही.

घडलेच असेल तर

पैसे देऊ नका. एकदा दिले की मागणी वाढते. चॅट पुसू नका आणि रागाच्या भरात त्या माणसाला शिव्याही घालू नका. स्क्रीनशॉट घ्या, समोरच्याचा मोबाईल नंबर आणि खेळातला त्याचा आयडी क्रमांक लिहून ठेवा. खेळातले टोपणनाव बदलता येते, म्हणून नुसते नाव पुरत नाही. त्यानंतर त्याला ब्लॉक करा. मुलाचा तसा फोटो ‘पुरावा’ म्हणून मामाला, काकांना किंवा ओळखीच्या वकिलाला पाठवू नका. अल्पवयीन मुलाचे असे चित्र पुढे पाठवणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ ब खाली गुन्हा आहे, पाठवणारे सख्खे असले तरी. फोनच पोलिसांना दाखवा.

तक्रार जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा केंद्र सरकारच्या ‘सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन’ या संकेतस्थळावर करता येते. लहान मुलांविषयीच्या अशा गुन्ह्यांची माहिती तेथे नाव न सांगताही देता येते. पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० हा क्रमांक लावावा. मुलांसाठीची मदतवाहिनी १०९८. फोटो पसरेल अशी भीती असेल, तर अमेरिकेतील एका बालरक्षण संस्थेची ‘टेक इट डाउन’ नावाची मोफत सेवा आहे. फोटो आपल्याच फोनमध्ये राहतो, त्याचा केवळ सांकेतिक अंक सहभागी कंपन्यांकडे जातो आणि तो फोटो त्यांच्या ठिकाणी दिसल्यास त्या तो काढू शकतात. व्हॉट्सॲपच्या खासगी निरोपांना मात्र हा उपाय लागू पडत नाही.

धमकी उघडकीस आल्यानंतरचे पहिले दोन-तीन दिवस नाजूक असतात. त्या रात्री मुलाला एकटे झोपवू नका. ‘मला जगायचे नाही’ असे काही ते बोलले, तर त्याला नाटक समजू नका. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो, आणि तुमचा डॉक्टर तर आहेच.

‘डॉक्टर, हे तुमच्यापुरतेच ठेवा,’ अशी विनंती पालक हटकून करतात. गावात चर्चा नको, ही त्यांची भीती मला समजते. पण २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे अशा गुन्ह्याची माहिती असलेल्या प्रत्येकाला ती पोलिसांना द्यावीच लागते. डॉक्टरही त्यातून सुटत नाही. याच कायद्याने मुलाची ओळख उघड करण्यावर बंदी आहे. मुलाला ठाण्यात बोलावून बाकावर बसवून ठेवायचे नसते. जबाब त्याच्या घरी किंवा ते म्हणेल त्या ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा असतो. त्या वेळी आईवडील किंवा मुलाचा ज्याच्यावर विश्वास आहे अशी दुसरी व्यक्ती जवळ बसू शकते. आजी हवी, मावशी हवी की शाळेतल्या बाई हव्यात, ते मुलालाच विचारा.