दार उघडायला ओळख लागते

ऑगस्ट २०२१ च्या पहिल्या आठवड्यात भंडारा जिल्ह्यातला शेवटचा उपचाराधीन करोना रुग्ण बरा होऊन घरी गेला आणि राज्यातला पहिला करोनामुक्त जिल्हा म्हणून भंडाऱ्याचं नाव गाजलं. ती स्थिती कायम राहणार नव्हती, हे तेव्हाही उघड होतं. तरी त्याआधी जिल्ह्याने काय सोसलं, ते विसरू नये. २७ एप्रिल २०२० ला गराडा बुद्रुकमध्ये पहिला रुग्ण सापडला. वर्षभराने, १२ एप्रिल २०२१ या एका दिवसात १,५९६ नवे रुग्ण नोंदले गेले आणि त्याच आठवड्यात उपचाराधीन रुग्ण बारा हजारांवर गेले. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या बारा लाख. म्हणजे शंभरातला एक माणूस एकाच वेळी आजारी. अकराशेहून अधिक माणसं दगावली. साथ ओसरल्यावर श्रेय चाचण्या, संपर्कशोध आणि उपचार यांना दिलं गेलं. ते योग्यच आहे. पण चाचणीला माणूस आपणहून येत नाही, त्याला कुणीतरी आणावं लागतं. माझं म्हणणं असं की, साथीच्या काळात सेवाभावी संस्था आणि स्वयंसेवक यांच्याजवळची सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे लोकांशी असलेली ओळख. ती संकट आल्यावर घाईघाईने मिळवता येत नाही, आधीच्या शांत वर्षांत जपावी लागते, आणि जपायला पैसा लागतो.

शिधा, पाणी, चपला, औषधं यांची मदत कमी लेखण्याचा हेतू नाही. २०२० च्या उन्हाळ्यात नागपूर–रायपूर महामार्गावरून छत्तीसगड–ओडिशाकडे पायी निघालेल्या मजुरांना वाटेत मिळालेलं जेवण म्हणजे जीवदानच होतं. त्याच वर्षी ऑगस्टच्या अखेरीस वैनगंगेला महापूर आला. एरवी पुरात माणसांना एकत्र आणून सुरक्षित ठेवायचं असतं. त्या वेळी एकत्र आणणंही धोक्याचं होतं. अशा वेळी जो हात पुढे येईल तो हवाच. मात्र ही मदत घेणाऱ्याला देणाऱ्यावर विश्वास ठेवावा लागत नाही. भूक असली की अन्न घेतलं जातं. आजार शोधणं निराळं. १५ सप्टेंबर २०२० पासून राज्यभर ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम झाली, तिच्यात एक आरोग्य कर्मचारी आणि दोन स्थानिक स्वयंसेवक अशी पथकं घरोघर ताप आणि ऑक्सिजन तपासत फिरली. ते एक दार डोळ्यांसमोर आणा. बोटाला लावलेला ऑक्सिमीटर ९२ दाखवतो आणि घरातली बाई म्हणते, ‘काही नाही जी, थोडी कसकस आहे.’ तिच्या मनात हिशेब चालू असतो : विलगीकरणात गेलं तर गुरांकडे कोण बघणार, शेजारी काय म्हणतील, आणि दवाखान्यात गेलेला माणूस परत येतो का? तिची समजूत घालायला माहितीपत्रक पुरत नाही. तिच्या मागच्या बाळंतपणात सोबत आलेल्या आशाताईचं, म्हणजे गावातल्याच आरोग्य कार्यकर्तीचं, ती ऐकते. शिवाय दुसरी लाट शिगेला पोचली तो एप्रिल म्हणजे मोहफुलं वेचण्याचा हंगाम. जंगलालगतच्या गावांत घरची माणसं पहाटेच बाहेर पडतात. शहरातून दहा वाजता आलेल्या पथकाला कुलूप दिसतं आणि ‘घर बंद’ अशी नोंद होते. गावातल्या बाईला मात्र कुठल्या घरी केव्हा जायचं ते ठाऊक असतं.

ही केवळ भावनिक समजूत नाही, याचा पुरावा शेजारच्या गडचिरोलीत आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत स्थानिक स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं आणि नवजात बाळांची काळजी घरीच घ्यायला लावली. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले : तुलनेच्या गावांपेक्षा नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. या स्त्रिया गावच्याच होत्या. पण त्यांना प्रशिक्षण होतं, वर देखरेख होती, आणि काम वर्षानुवर्षं चाललं. पुढे हीच पद्धत देशभरातल्या आशांच्या कामात आली. ओळख आणि कौशल्य एकत्र आलं तरच परिणाम दिसतो. नुसती ओळख असून भागत नाही.

यावर एक आक्षेप रास्त आहे : आरोग्य ही सरकारची जबाबदारी, स्वयंसेवकांचं कौतुक करत राहिलो तर सरकारला पळवाट मिळते. ९ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्रीनंतर भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात अतिदक्षता कक्षाला आग लागली आणि दहा बाळं गेली. वायरिंगची तपासणी, धुराचा इशारा देणारी यंत्रणा, रात्रपाळीचं पुरेसं मनुष्यबळ यांची जागा कुठलीही सेवावृत्ती घेऊ शकत नाही. स्वयंसेवक रुग्णाला रुग्णालयाच्या दारापर्यंत आणतो; आतली खात्री सरकारनेच द्यायची. आणि आत विश्वासघात झाला, तर पुढच्या खेपेला गावात तोंड दाखवणं त्या आणणाऱ्यालाच जड जातं.

दुसरा आक्षेप मला पटत नाही. पैसे दिले की सेवेचा भाव जातो, असं म्हणणारे बरेच आहेत. सरकारी कागदावर आशा ही स्वयंसेविका, तिला मिळतं ते मानधन आणि कामानुसार मोबदला. करोनाकाळात रोजचं सर्वेक्षण तिच्याच माथी आलं. अखेर जून २०२१ मध्ये राज्यभरच्या आशांना संप करावा लागला. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशातल्या आशांचा गौरव केला, तरी पुढच्याच वर्षी त्यांना पुन्हा संपावर जावं लागलं. मार्च २०२४ मध्ये राज्याने दरमहा पाच हजारांची वाढ मंजूर केली. ते वेतन मात्र अजूनही नाही. डॉक्टरला पगार मिळतो म्हणून त्याची तळमळ खोटी ठरत नाही. मग रोवणीची मजुरी बुडवून ऑक्सिमीटर घेऊन फिरणाऱ्या बाईकडूनच फुकट त्यागाची अपेक्षा का?

देणगीदार संस्थांनीही इथे विचार करावा. साथीत ऑक्सिजन यंत्रांना देणग्या भरभरून मिळतात. साथ सरली की प्रशिक्षणाला, प्रवासखर्चाला पैसा मिळत नाही. पण काम तर साथ नसतानाही असतं. भंडारा जिल्ह्यातली हत्तीरोगाविरुद्धची औषध मोहीमच बघा. भरल्या पोटी, कर्मचाऱ्यासमोर गोळ्या गिळायच्या, त्याही निरोगी दिसणाऱ्या माणसाने. ज्याच्या रक्तात जंतू असतात त्याला ते मरताना कधी ताप, कधी चक्कर येते. तेवढ्यावरून गावात अफवा उठते आणि पुढची घरं दारं लावून घेतात. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या तापलेल्या माणसाकडे जाऊन बसणारी, हा ताप कशाचा ते सांगणारी बाई असेल तर मोहीम पुढे सरकते. तिच्या त्या दुसऱ्या फेरीसाठी अंदाजपत्रकात वेगळी रक्कम असायला हवी.