चाच्याची पेटी

कॅप्टन विल्यम किड याने १६९९ साली न्यूयॉर्कजवळील गार्डिनर्स बेटावर धन पुरले होते. कथांतील चाचे सोन्याच्या नाण्यांनी भरलेली पेटी दोघांत सहज वाहून नेतात. हे शक्य आहे काय?

पेटी ६० सेंटिमीटर लांब, ४० रुंद व ४० उंच मानू. तिच्या चौरस बाजूची परिमिती १६० सेंटिमीटर. सहा बाजूंचे क्षेत्रफळ १२,८०० चौरस सेंटिमीटर. घनफळ ९६,००० घन सेंटिमीटर. एक घन सेंटिमीटर सोने सुमारे १९.३ ग्रॅम भरते. निम्मी जागा नाण्यांमधील पोकळीत गेली, तरी सोन्याचे वजन सुमारे ९२६ किलोग्रॅम!

लांबी, रुंदी व उंची निम्मी केल्यास परिमिती निम्मी, क्षेत्रफळ चतुर्थांश, पण घनफळ अष्टमांश होते. मग सोने उरते सुमारे ११६ किलोग्रॅम. एवढी पेटी दोघांना कष्टाने उचलता येईल.