उपाहारगृहाला वारसा म्हणावे काय?

ऐतिहासिक वास्तू म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे किल्ला, राजवाडा, देवालय किंवा एखाद्या थोर पुरुषाचे जन्मस्थान उभे राहते. चहाफराळाचे दुकान या यादीत बसू शकेल ही कल्पनाच आपणांस थोडी हास्यास्पद वाटते. तेथे कोणी राजा राहिलेला नसतो, कोणता तह झालेला नसतो, की कोणाचा राज्याभिषेक झालेला नसतो. तेथे येतात ती साधी माणसे. ती बसतात, खातात, दोन घटका बोलतात आणि पैसे देऊन निघून जातात. अशा वास्तूला उद्या कुदळ लागली तर तक्रार कोणी करावयाची आणि कशाच्या बळावर करावयाची? या प्रश्नाचा विचार करताना अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यातल्या डाउनी या शहराचा अनुभव उद्‌बोधक ठरतो. या एकाच शहरात तीन उपाहारगृहांवर पाडले जाण्याची वेळ आली. तिन्ही प्रसंगी लोक त्यांच्या बाजूने उभे राहिले आणि तिन्ही वेळा निकाल निराळा लागला.

डाउनी हे लॉस एंजलिसच्या आग्नेयेस सुमारे वीस किलोमीटरवर वसलेले, लाखाहून थोड्या अधिक वस्तीचे शहर. चंद्रावर गेलेल्या अपोलो यानांतील ज्या कक्षात अंतराळवीर बसत, तो कक्ष याच शहरातील कारखान्यात तयार होत असे. दुसऱ्या महायुद्धानंतर येथे घरे वाढली, पगार वाढले आणि घरोघरी मोटार आली. रस्ता हीच जणू नवी बाजारपेठ झाली. मोटारीतून जाणाऱ्या गिऱ्हाइकाला दुरूनच खुणावून थांबवावयाचे, तर दुकानाची इमारत हीच दुकानाची पाटी व्हावयास हवी. या गरजेतून एक निराळी बांधकामशैली जन्माला आली. आकाशात झेपावणारी तिरकस छपरे, काचेच्या उंच भिंती, भडक रंग आणि रात्री लखलखणाऱ्या निऑनच्या प्रचंड पाट्या हे तिचे विशेष होत. वास्तुरचनाकार जॉन लॉटनर यांनी १९४९ साली हॉलिवूडनजीक 'गूगीज' नावाचे एक कॉफीगृह बांधले. डग्लस हॅस्केल या समीक्षकाने १९५२ साली एका मासिकात या साऱ्या थाटाची थट्टा करताना त्याला 'गूगी' हेच नाव दिले. थट्टेत दिलेले हे नाव पुढे रूढ झाले. मूळ 'गूगीज'ची इमारत मात्र १९८९ साली पाडण्यात आली.

डाउनीतील पहिले उपाहारगृह म्हणजे १८ ऑगस्ट १९५३ रोजी उघडलेले मॅकडोनल्डचे दुकान. रिचर्ड आणि मॉरिस या मॅकडोनल्ड बंधूंनी आपल्या पद्धतीने दुकान चालविण्याचा परवाना ज्या थोड्या लोकांना दिला होता, त्यांच्यापैकी दोघांनी ते काढले. स्टॅन्ली मेस्टन या वास्तुरचनाकाराच्या आराखड्यानुसार छपरातून आरपार जाणाऱ्या दोन पिवळ्या कमानी उभ्या राहिल्या. शेजारी साठ फूट उंचीची पाटी आली आणि तिच्यावर 'स्पीडी' नावाचा हसरा आचारी धावू लागला. आत बसण्याची सोय नव्हती. खिडकीशी उभे राहावयाचे, पुडके घ्यावयाचे आणि मोटारीत परतावयाचे. पुढे रे क्रॉक यांनी या व्यवसायाचा विस्तार केला आणि १९६१ साली दोघा बंधूंचे हक्क विकत घेतले. कंपनीने जुन्या धाटणीची दुकाने एकामागून एक बदलून टाकली. डाउनीच्या दुकानाचा करार थेट बंधूंशी झालेला असल्यामुळे कंपनीचे नूतनीकरणाचे हुकूम त्याला लागू नव्हते. कालबाह्य म्हणून मागे राहिलेली ही इमारत त्यामुळेच दुर्मिळ झाली. आज उभ्या असलेल्या मॅकडोनल्डच्या दुकानांत तीच सर्वांत जुनी आहे.

१९९० साली हे दुकान कंपनीच्या ताब्यात आले. जानेवारी १९९४ मध्ये नॉर्थरिज येथील भूकंपाने त्या भागात मोठी हानी केली आणि त्यानंतर दुकान बंद करण्यात आले. इमारतीला धक्का पोहोचला आहे, विक्री अपुरी आहे, आत बसावयास जागा नाही, मोटारीतून माल घेण्याची खिडकीही नाही, अशी कारणे पुढे झाली आणि पाडण्याचा विचार सुरू झाला. हिशेबाच्या वहीपुरते पाहिले तर यांपैकी एकही कारण खोटे नव्हते. परंतु राष्ट्रीय वारसा जतन न्यासाने त्याच वर्षी देशातील सर्वाधिक धोक्यात असलेल्या अकरा स्थळांच्या यादीत या दुकानाचे नाव घातले. स्थानिक रहिवासी आणि जतनाचे कार्यकर्ते यांनी आवाज उठविला. ज्या कंपनीचा सारा व्यापार लोकांच्या सदिच्छेवर चालतो, तिला आपल्याच जन्मखुणेवर कुदळ चालविणे कठीण झाले. दोन वर्षांनी, डिसेंबर १९९६ मध्ये, दुरुस्त केलेले दुकान पुन्हा उघडले. इमारत तीच, जागा तीच, धंदाही तोच. जतनाची याहून चांगली तऱ्हा कल्पिता येणार नाही.

दुसरी कथा इतकी सुखद नाही. १९५८ साली फायरस्टोन मार्गावर 'हार्वेज ब्रॉइलर' हे भव्य उपाहारगृह उघडले. मोटारी ओळीने उभ्या राहाव्यात आणि वाढपिणींनी तबके मोटारीपर्यंत आणून द्यावीत, अशी तेथील रीत होती. शनिवारी रात्री साऱ्या पंचक्रोशीतील तरुण मुले तेथे जमत. मालकी बदलल्यावर त्याचे नाव 'जॉनीज ब्रॉइलर' झाले, तरी हातात तबक घेतलेल्या गुबगुबीत पोराची ती प्रचंड पाटी तशीच राहिली. २००१ च्या अखेरीस उपाहारगृह बंद पडले आणि आवारात जुन्या मोटारींची विक्री सुरू झाली. ही वास्तू राज्याच्या ऐतिहासिक नोंदवहीत समाविष्ट होण्यास पात्र आहे असे २००२ साली ठरले. पण पात्र ठरणे निराळे आणि सुरक्षित होणे निराळे.

७ जानेवारी २००७ हा रविवार होता. सरकारी कचेऱ्या बंद होत्या. त्या दिवशी पाडकामाचा कोणताही परवाना नसताना यंत्रे आणून इमारत पाडण्यास सुरुवात झाली. बातमी फुटली, पोलीस आले आणि त्यांनी काम थांबविले. तोपर्यंत इमारतीचा बराच मोठा भाग जमीनदोस्त झाला होता. ती सुप्रसिद्ध पाटी आणि दर्शनी भागाचे काही अवशेष तेवढे वाचले. येथे बहुतेक चळवळी संपतात. वर्तमानपत्रात चार दिवस हळहळ व्यक्त होते, एखादे निवेदन दिले जाते आणि राडारोडा उचलला की विषयही उचलला जातो. डाउनीचे लोक थांबले नाहीत. नगरपालिकेने त्या जागेवरील नव्या बांधकामास तात्पुरती बंदी घातली. वास्तू वाचविण्यासाठी एकत्र आलेल्या नागरिकांनी आता ती पुन्हा उभारण्याची मागणी धरून लावली. लॉस एंजलिसची जतनसंस्था त्यांच्या पाठीशी होती. अखेर 'बॉब्ज बिग बॉय' या जुन्या उपाहारगृहांपैकी एक चालविणारा व्यावसायिक पुढे आला, नगरपालिकेने साह्य केले आणि ऑक्टोबर २००९ मध्ये जुन्या रूपाबरहुकूम बांधलेले उपाहारगृह नव्या नावाने सुरू झाले. वाचलेली पाटीही पुन्हा उजळली.

तिसरी वास्तू आकाराने अगदीच लहान, जेमतेम चारशे चौरस फुटांची. ग्लेन बेल यांनी १९६२ साली काढलेले 'टॅको बेल'चे हे पहिले दुकान. पुढे जगभर पसरलेल्या व्यवसायाचा आरंभ या कमानींच्या टपरीवजा इमारतीतून झाला. १९८६ साली कंपनीने ती जागा सोडली आणि तेथे इतरांनी दुकाने चालविली. कालांतराने ती रिकामी पडली आणि जमिनीवर दुसरे काही उभारण्यासाठी ती पाडली जाणार, अशी चिन्हे दिसू लागली. गावकऱ्यांनी आणि जतनाच्या कार्यकर्त्यांनी प्रश्न लावून धरला. नोव्हेंबर २०१५ मध्ये अखंड इमारत मालमोटारीवर चढविण्यात आली आणि रातोरात सुमारे पंचेचाळीस मैलांवरच्या अर्व्हाइन येथे, कंपनीच्या मुख्यालयात नेण्यात आली. इमारत वाचली, डाउनीच्या रस्त्यावरून मात्र ती कायमची गेली.

या तीन कथा शेजारी ठेवल्या म्हणजे जतनाच्या प्रश्नातील खरी अडचण ध्यानात येते. पहिल्या ठिकाणी मूळ वास्तू मूळ जागी राहिली. दुसऱ्या ठिकाणी जागा राहिली. पण जे उभे आहे त्याचा पुष्कळसा भाग ही प्रतिकृती आहे. तिसऱ्या ठिकाणी वास्तू अस्सल आहे, परंतु तिचा रस्ता, तिचा शेजार आणि तिचे गिऱ्हाईक तिच्यापासून तोडले गेले. या तिन्हींना 'वाचली' हा एकच शब्द लावणे म्हणजे शब्दाला फार ताणणे होय. विशेषतः दुसऱ्या कथेचा शेवट गोड झाला म्हणून तिच्यातील धोका नजरेआड करता कामा नये. पाडलेली वास्तू पुन्हा हुबेहूब बांधता येते, अशी समजूत एकदा रूढ झाली की पाडणाऱ्याचे काम सोपे होते. आधी पाडू द्या, पुढचे पुढे पाहू, असे म्हणावयास तो मोकळा होतो. शिवाय पडलेल्या प्रत्येक इमारतीमागे अडीच-पावणेतीन वर्षे चिकाटीने उभे राहणारे नागरिक आणि पैसे घालणारा व्यावसायिक मिळेलच, याची शाश्वती कोणी द्यावी?

मालकाच्या हक्काचा प्रश्नही टाळता येण्याजोगा नाही. लोकांच्या आठवणींची किंमत मालकाने का मोजावी, हा सवाल अन्याय्य नाही. अमेरिकेच्या कायद्याने तर मालकाला बराच वाव दिला आहे. खासगी मालकाची हरकत असेल तर त्याची वास्तू राष्ट्रीय नोंदवहीत दाखल होत नाही. आणि दाखल झाली तरी स्वतःच्या पैशाने ती पाडण्यास केवळ त्या नोंदीमुळे अटकाव होत नाही. अटकाव करतो तो स्थानिक नियम आणि पाडकामाचा परवाना. म्हणजे वास्तूचे भवितव्य वॉशिंग्टनला ठरत नाही, ते गावाच्या नगरपालिकेत ठरते. लॉस एंजलिस शहरात २०१५ साली हेच दिसले. ला सिएनेगा मार्गावरील १९५७ सालचे 'नॉर्म्स' हे उपाहारगृह पाडण्याचा परवाना निघाल्याचे त्या वर्षाच्या आरंभी उघड झाले. नागरिकांनी वेळीच धाव घेतली आणि मे महिन्यात नगरपरिषदेने ती इमारत शहराचे ऐतिहासिक स्मारक म्हणून घोषित केली. डाउनीत जे यंत्रे चालल्यावर सुचले, ते येथे आधी सुचले, इतकाच काय तो फरक. पण तोच निर्णायक ठरला.

आणखी एक गोष्ट या कथांतून निष्पन्न होते. 'जॉनीज'वर यंत्र चालले ते २००७ साली. परंतु तिचा घात पाच वर्षे आधी, चूल विझली तेव्हाच सुरू झाला होता. वापर थांबला की इमारतीकडे पाहण्याची दृष्टी बदलते. उपाहारगृहाचे आवार होते ते नुसते आवार होते, आणि आवाराची किंमत केवळ चौरस फुटांत केली जाते. म्हणून खानपानाच्या वास्तूचे जतन करावयाचे तर भिंतीइतकीच काळजी धंद्याचीही घ्यावयास हवी.

हा मुद्दा आपल्यालाही परका नाही. मुंबईत वारसा-वास्तूंच्या रक्षणासाठी १९९५ साली नियमावली लागू झाली. अशी नियमावली करणारे ते देशातील पहिले शहर. तरीही संगमरवरी टेबलांची, वेताच्या खुर्च्यांची आणि बनमस्क्याची किती इराणी हॉटेले आपल्या डोळ्यांदेखत बंद झाली! वारशाची यादी इमारतीचा दर्शनी भाग राखू शकते. सकाळी एका चहावर तासभर वर्तमानपत्र वाचू देणारा गल्ल्यावरचा मालक तिला राखता येत नाही. ते काम यादीचे नाहीच. ते गिऱ्हाइकाचे, शेजाऱ्याचे आणि काही अंशी भाडे व कर ठरविणाऱ्यांचे आहे.

मग उपाहारगृहाला वारसा म्हणावे काय? राजवाड्यात प्रवेश मिळणारे लोक कोणत्याही काळी मूठभरच असत. शाळा सुटल्यावर जमणारी मुले, पाळी संपवून आलेला कामगार, पगाराच्या दिवशी कुटुंबाला घेऊन बाहेर पडलेला कारकून यांचा इतिहास कोणत्या वास्तूत सापडावयाचा? त्यांनी तह केले नाहीत, शिलालेख कोरविले नाहीत. त्यांच्या आयुष्यातील आनंदाचे क्षण अशाच चार टेबलांभोवती गेले. त्यांच्या इतिहासाला दुसरे दफ्तर नाही. डाउनीच्या नागरिकांनी जे वाचविण्याचा प्रयत्न केला ते हे दफ्तर होते, आणि त्यासाठी नगरपालिकेच्या दारात उभे राहण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. आपल्या गावात असे कोणते दफ्तर अजून शाबूत आहे, याची पाहणी आपण त्याचा परवाना निघण्यापूर्वीच केलेली बरी. रविवारी कचेऱ्या बंद असतात.